बरणीतलं पित्ताशय



कॅन्सरवरचं व्याख्यान म्हटलं की श्रोत्यांना काय खावं आणि काय टाळावं याची यादी हवी असते. ती माझ्याकडे नाही. मी पॅथॉलॉजिस्ट. रुग्ण मला क्वचितच भेटतात. त्यांचे अवयव भेटतात, तेही तुकड्यांनी. आयोजकांना मी विषय कळवला, 'पित्ताशयातल्या कॅन्सरपूर्व वाढी', तेव्हा त्यांनी अदबीनं विचारलं की मॅडम, हा फार दुर्मीळ विषय नाही का? आहे. पण पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन मुळीच दुर्मीळ नाही. या सभागृहात ते झालेले आठ-दहा जण तरी सहज निघतील. आणि त्यांतल्या किती जणांना आपल्या पित्ताशयाचं पुढं काय झालं हे माहीत असेल, याबद्दल मला शंका आहे.

कॅन्सर होण्याआधी बहुतेक अवयवांत एक मधली अवस्था असते. पेशी बिघडलेल्या असतात, पण आपला थर सोडून खाली उतरलेल्या नसतात. ही अवस्था पकडता आली तर रोग होण्याआधीच थांबतो. गर्भाशयमुखाच्या बाबतीत पॅप स्मियरनं ते साधलं. मोठ्या आतड्यात कोलोनोस्कोपी करताना पॉलिप दिसला तर तारेच्या फासात धरून तिथल्या तिथे कापता येतो. तोंडातला पांढरा चट्टा तर दंतवैद्याला नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पित्ताशयाला यातलं काहीच लागू पडत नाही. यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेली ही सात ते दहा सेंटिमीटर लांबीची पिशवी. तिच्यात ३० ते ५० मिलिलिटर पित्त मावतं. तिच्यात शिरणारी नळी अरुंद आणि वळणावळणाची, त्यामुळे दुर्बीण आत घालणं हे रोजचं काम होऊ शकत नाही. बाहेरून सुई घालून तुकडा काढावा, तर पित्त पोटात गळण्याची आणि त्याबरोबर वाईट पेशी सांडण्याची भीती. सोनोग्राफीत गाठ दिसते, भिंत जाड झालेली दिसते. पेशी काय करताहेत ते दिसत नाही.

म्हणून पित्ताशयाच्या कॅन्सरपूर्व अवस्थांबद्दल वैद्यकाला आज जे कळलं आहे, ते जवळजवळ सगळं दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या पित्ताशयांतून कळलेलं आहे. बहुतेक वेळा ते कारण म्हणजे खडे. माझ्या टेबलावर येणारी फॉर्मॅलिनची बरणी हीच या रोगाची तपासणी मोहीम आहे, दुसरी नाही. बरणी आली नाही तर मोहीमही नाही. मला आज मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. बाकीचं व्याख्यान म्हणजे त्याची कारणं.

या बरणीला इतिहास आहे. पित्ताशयाच्या कॅन्सरचं पहिलं वर्णन १७७७ साली माक्सिमिलियान श्टोल यांनी केलं, तेही शवविच्छेदनातून. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं पित्ताशय हा मेल्यावरच पाहायचा अवयव राहिला. १५ जुलै १८८२ रोजी बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी एका त्रेचाळीस वर्षांच्या माणसाचं पित्ताशय काढलं. तो सोळा वर्षं पोटशुळानं हैराण होता आणि मॉर्फिनच्या आहारी गेलेला होता. दुसऱ्या दिवशी ताप नाही, आणि हा गृहस्थ सिगार ओढत बसलेला. त्या काळचे शल्यविशारद पित्ताशय उघडून खडे तेवढे काढत आणि पिशवी आत ठेवत. लांगेनबुख यांचं म्हणणं असं की खडे जिथं तयार होतात ती जागाच काढली पाहिजे. पित्ताशयाशिवाय माणूस जगेल का, ही शंका तेव्हा खरी होती. घोड्याला आणि हत्तीला पित्ताशय नसतंच आणि त्यांचं काही अडत नाही, हे उत्तर तेव्हाही हाताशी होतं.

पुढची शंभर वर्षं ऑपरेशन तेच राहिलं: बरगडीखाली लांब छेद आणि आठ-दहा दिवस हॉस्पिटलात मुक्काम. साहजिकच माणसं ते टाळत. १९८५ साली जर्मनीत एरिश म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, १९८७ साली फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी. भारतात हे पहिल्यांदा १९९० साली मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केलं. त्या वेळी त्यांना विरोधही भरपूर झाला; गरीब देशाला हे चोचले कशाला, असा एकूण सूर होता. उडवाडियांचं उत्तर उलट होतं: हातावर पोट असलेल्या माणसालाच दुसऱ्या दिवशी घरी जाण्याची आणि आठवड्यात कामाला लागण्याची जास्त गरज असते. काळानं त्यांचा मुद्दा खरा ठरवला. आज तालुक्याच्या गावातही दुर्बिणीतून पित्ताशय निघतं. म्हणजे बरण्या भरण्याची सोय घरोघर म्हणावी इतकी झाली. बरण्या पॅथॉलॉजिस्टकडे पोचण्याची सोय मात्र तितक्या वेगानं झाली नाही.

आता बरणीच्या आत पाहू.

निरोगी पित्ताशय उभं चिरलं तर आतलं अस्तर हिरवट मखमलीसारखं दिसतं. त्यावर बारीक जाळीदार घड्या. भिंत पातळ. आतड्याच्या भिंतीत अस्तर आणि स्नायू यांच्यामध्ये सबम्युकोसा नावाचा थर असतो, तो इथं नाही. यकृताच्या बाजूला तर बाहेरचं आवरणही नाही. तिथं पित्ताशय थेट यकृताला लागून असतं. या रचनेची किंमत मोठी आहे. कॅन्सरच्या पेशी अस्तरातून एकदा निसटल्या की त्यांना अडवणारं फारसं काही नसतं, आणि मिलिमीटरच्या फरकानं रुग्णाचं भवितव्य बदलतं.

इथं कॅन्सरकडे जाणाऱ्या वाटा मुख्यतः दोन. पहिली सपाट. खड्यांमुळे वर्षानुवर्षं सूज राहते, अस्तराच्या पेशी आपलं रूप बदलून जठराच्या किंवा आतड्याच्या पेशींसारख्या दिसू लागतात, मग त्यांची केंद्रकं मोठी होतात, रांग मोडते. याला आम्ही बिलिअरी इंट्राएपिथेलियल निओप्लाझिया म्हणतो, बोलताना नुसतं 'बिलइन'. पूर्वी त्याच्या तीन पायऱ्या मानत. आता सौम्य आणि तीव्र अशा दोनच. चिलीमधल्या अभ्यासकांनी निरनिराळ्या पायऱ्यांवरच्या रुग्णांची वयं ताडून पाहिली आणि बिघाडापासून पसरलेल्या कॅन्सरपर्यंतचा प्रवास सुमारे पंधरा वर्षांचा असावा असा अंदाज बांधला. पंधरा वर्षं हा काळ थोडा नाही. पण या सगळ्या काळात डोळ्यांना काहीही दिसत नाही. चिरलेलं पित्ताशय हातात घेऊन मी खिडकीपाशी उभी राहिले तरी दिसत नाही. ते फक्त काचपट्टीवर दिसतं, आणि तेही नेमका तोच तुकडा काचपट्टीवर आला तर.

दुसरी वाट उंचवट्याची. अस्तरातून आतल्या पोकळीत वाढणाऱ्या, एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या गाठी. यांचं नाव इंट्राकोलेसिस्टिक पॅपिलरी निओप्लाझम, संक्षेपानं आयसीपीएन. आजच्या विषयातलं दुर्मीळपण खरं इथं आहे. कित्येक पॅथॉलॉजिस्टांच्या अख्ख्या कारकिर्दीत अशा मोजक्याच गाठी येतात, आणि दुर्मीळ गोष्टीचं जे होतं तेच हिचंही झालं होतं. ज्यानं पाहिली त्यानं आपापलं नाव दिलं: कुणी पॅपिलरी ॲडेनोमा, कुणी पॅपिलोमॅटोसिस, कुणी सरळ पॅपिलरी कॅन्सर. एकाच प्रकारच्या गाठीला एका गावात निरुपद्रवी म्हणून रुग्णाला घरी पाठवायचे आणि दुसऱ्या गावात केमोथेरपीची चर्चा सुरू व्हायची. तेव्हा अमेरिकेत असलेले तुर्की वंशाचे पॅथॉलॉजिस्ट वोल्कान आद्साय यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली अशा १२३ गाठी एकत्र तपासून प्रसिद्ध केल्या आणि ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी आहेत असं मांडलं.

त्यातले आकडे मला अजूनही विचार करायला लावतात. रुग्णांचं सरासरी वय एकसष्ट, पुरुषांच्या दुप्पट स्त्रिया. निम्म्यांना दुखत होतं, उरलेल्यांत गाठ योगायोगानं सापडली. खडे फक्त २० टक्क्यांत. हे वाचून मी पहिल्यांदा थबकले, कारण पित्ताशयाचा कॅन्सर म्हणजे खड्यांचा वारसा असं आम्ही शिकलो होतो. या गाठी त्या नियमाला जुमानत नाहीत. ५५ टक्क्यांत गाठीबरोबर पसरणारा कॅन्सर आधीच सुरू झालेला होता. आणि तरीही, कॅन्सर सुरू झालेला असला तरी तीन वर्षांनंतर ६० टक्के रुग्ण जिवंत होते. नेहमीच्या पित्ताशय कॅन्सरमध्ये हेच प्रमाण २७ टक्के. कॅन्सर सुरू झाला नव्हता त्यांच्यात ९० टक्के. म्हणजे 'पित्ताशयात गाठ' या दोन शब्दांमागे दोन फार वेगळी आयुष्यं असू शकतात, आणि कोणतं ते फक्त मायक्रोस्कोप सांगतो.

सगळे वाद मिटलेत असं मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणात पायलोरिक ग्लँड ॲडेनोमा ही जठराच्या ग्रंथींसारखी दिसणारी गाठ वेगळ्या खणात ठेवली आहे. आद्साय तिला याच घराण्यात धरत होते. तिच्यात बीटा-कॅटेनिनच्या जनुकातला बदल वारंवार सापडतो, आणि नेहमीच्या पित्ताशय कॅन्सरमध्ये तो क्वचितच असतो. यावरून मला वाटतं की ही वाट बहुधा मध्येच संपते. बहुसंख्य कॅन्सर सपाट वाटेनंच येतात. स्त्रियांमध्ये फार क्वचित पित्ताशयात म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम ही पाणगाठ होते, तिच्या भिंतीत अंडाशयासारखं ऊतक असतं. तिचा आज नुसता उल्लेख पुरे.

आयसीपीएनची एक खोड मला इथल्या शल्यविशारद मित्रांना मुद्दाम सांगायची आहे. ती ठिसूळ असते. देठ बारीक, अंग भुसभुशीत. पित्ताशय चिरून नळाखाली धरलं की गाठीचे तुकडे गाळासारखे वाहून जातात. कधी ते आधीच सुटून पित्तात तरंगत असतात आणि 'गाळ' म्हणून फेकले जातात. मग अस्तरावर उरते फक्त एक खरबरीत जागा. एवढी दुर्मीळ गाठ एका मगभर पाण्यानं नाहीशी होते.

आता पॉलिपबद्दल, कारण व्याख्यान संपल्यावर जिन्यापाशी मला तेच विचारलं जाणार. हेल्थ चेकअपच्या सोनोग्राफीत 'पित्ताशयात चार मिलिमीटरचा पॉलिप' असं आलं की घरात सुतक पडल्यासारखं होतं. यातले बहुसंख्य पॉलिप हे खरे पॉलिपच नसतात. कोलेस्टेरॉल साठलेल्या पेशींचे ते पिवळे दाणे असतात, आणि त्यांचा कॅन्सर होत नाही. युरोपातल्या चार वैद्यकीय संस्थांनी २०१७ साली मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२२ साली सुधारल्या. दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप असेल आणि रुग्ण ऑपरेशन सोसू शकत असेल, तर पित्ताशय काढावं. सहा ते नऊ मिलिमीटरचा असेल तर धोका वाढवणारी आणखी काही गोष्ट आहे का ते पाहावं: वय साठच्या पुढे, पित्तनलिकांचा स्क्लेरोझिंग कोलँजायटिस हा आजार, किंवा देठ नसलेला, भिंतीला बसका चिकटलेला पॉलिप. पाचपर्यंतच्या पॉलिपला असं काही जोडीला नसेल तर पाठपुराव्याचीही गरज नाही. चार मिलिमीटरवाल्यांनी घरी जाऊन जेवावं.

त्या यादीत २०१७ साली आणखी एक कलम होतं: रुग्ण भारतीय वंशाचा असणं. २०२२ साली ते 'आशियाई' झालं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. भारतीय म्हणजे कुठला? गंगेच्या खोऱ्यात, म्हणजे उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, आणि पुढं आसामात पित्ताशयाच्या कॅन्सरचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी एक आहे. दक्षिणेकडे यावं तसं ते प्रमाण झपाट्यानं उतरतं. महाराष्ट्र कमी प्रमाणाच्या बाजूला येतो. लंडनच्या क्लिनिकमध्ये बसलेल्या डॉक्टरसमोर पाटण्याची बाई आणि पालघरची बाई एकाच रकान्यात पडतात. त्या रकान्यानं एकीला कमी काळजी मिळते आणि दुसरीला नको ते ऑपरेशन.

गंगेच्या खोऱ्यातच का, याचं एक उत्तर नाही. खडे आहेत, पण खडे इतरत्रही आहेत. टायफॉइड बरा झाल्यावर काही जणांच्या पित्ताशयात तो जंतू वर्षानुवर्षं मुक्काम करतो. त्या वाहकांमध्ये धोका वाढतो. पाण्यातलं आर्सेनिक, मोहरीच्या तेलातली भेसळ यांच्याकडे बोट दाखवलं गेलं आहे. २०१७ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमधल्या शरयू म्हात्रे, राजेश दीक्षित आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. सातव्या गुणसूत्रावर एबीसीबी१ आणि एबीसीबी४ ही जनुकं जिथं आहेत, त्या भागातले बदल पित्ताशयाच्या कॅन्सरशी जोडलेले सापडले. एबीसीबी४ हे यकृतातून पित्तात फॉस्फोलिपिड सोडण्याचं काम करतं. पित्ताची घडणच बिघडली तर अस्तराला रोज काय सोसावं लागत असेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या धर्मशाळांमध्ये आणि फूटपाथवर तुम्हाला भोजपुरी आणि मैथिली ऐकू येते, त्यात या रोगाचे रुग्ण पुष्कळ. दोन रात्रींचा प्रवास करून आलेल्या बाईच्या फाइलमध्ये अनेकदा एक कागद असतो: वर्षभरापूर्वी गावाकडे खड्यांसाठी पित्ताशय काढल्याचा. पॅथॉलॉजीचा कागद नसतो. टाटा मेमोरियल सेंटरनं २०१८ आणि २०१९ साली वाराणसीत दोन रुग्णालयं सुरू केली, त्यामुळे हा प्रवास काही जणांचा तरी वाचला. तो कागद मात्र त्यानं आपोआप तयार होत नाही.

चिलीनं वेगळा मार्ग धरला. तिथं, विशेषतः मापुचे या मूळ रहिवासी समाजात, हा कॅन्सर फार. २००६ पासून तिथल्या सरकारनं ३५ ते ४९ या वयातल्या, खडे असलेल्या माणसांना पित्ताशय काढून घेण्याची हमी कायद्यानं दिली. सबंध महाराष्ट्राला हे लागू करावं असं मी म्हणणार नाही. इथं धोका तेवढा नाही, आणि ऑपरेशनलाही स्वतःचे धोके असतात. माझं मागणं त्याहून साधं आहे.

ज्या डॉक्टरांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, ते तालुक्याच्या गावी जनरल सर्जन होते. त्यांच्या गावात पॅथॉलॉजिस्ट नव्हता. ते प्रत्येक पित्ताशय, अगदी निरोगी दिसणारंसुद्धा, बरणीत घालून, कापडात गुंडाळून एसटीच्या पार्सलनं जिल्ह्याला पाठवत. बरणीवर चिकटपट्टी, त्यावर रुग्णाचं नाव, वय आणि त्यांच्या अक्षरात एक ओळ: भिंत कशी लागली, कुठं चिकटलं होतं. मी तेव्हा शिकाऊ होते आणि त्या ओळीसाठी बरणी आधी उचलत असे. आज कुरिअर आहे, शीतपेटी आहे, आणि तरी कित्येक ठिकाणी पद्धत अशी की खडे छोट्या डबीत घालून नातेवाइकांच्या हातात द्यायचे आणि पिशवी कचऱ्यात टाकायची. खडे घरी नेऊन लोक शोकेसमध्ये ठेवतात. माझी त्यांना विनंती आहे की खडे आम्हाला नकोत, पिशवी पाठवा.

काही देशांत, उदाहरणार्थ नेदरलँड्समध्ये, डोळ्यांना शंका आली तरच पित्ताशय तपासायला पाठवायचं असा विचार पुढं आला आहे. खर्च वाचतो हे खरं. पण तिथं प्रमाण कमी आहे, सर्जन प्रत्येक पित्ताशय टेबलावरच उघडून पाहतात अशी अपेक्षा आहे, आणि ऑपरेशनआधीची सोनोग्राफी नीट झालेली असते. आपल्याकडे या तिन्हींची खात्री कोण देईल? आणि मघाशी सांगितलं तसं, तीव्र बिलइन डोळ्यांना दिसतच नाही. एका तपासणीचा खर्च ऑपरेशनच्या बिलाच्या मानानं किरकोळ असतो. मला निवडक तपासणीचा युक्तिवाद कळतो, पटत नाही.

आता सर्जन मंडळींना दोन गोष्टी. पिशवी बाहेर काढताना ती फाटू देऊ नका, प्लास्टिकच्या थैलीत घालून काढा. पित्त सांडलं आणि आत कॅन्सर असला तर तो पोटात आणि दुर्बिणीच्या छिद्राच्या जागी रुजू शकतो. आणि बरणीत बंद पिशवी पाठवू नका. पित्तामुळे अस्तर काही तासांत गळून जातं. यकृताची बाजू सोडून, उलट बाजूनं उभी चिरा, पाणी लावू नका, आणि पिशवीच्या दहापट फॉर्मॅलिन घाला. आमच्या बाजूनं नेहमी तीन-चार तुकडे घेतात. त्यांत तीव्र बिघाड दिसला तर थांबायचं नसतं. अख्खं पित्ताशय तुकडे करून तपासायला घ्यायचं असतं. अस्तर स्नायूत खोल खड्ड्यांसारखं उतरलेलं असतं, त्यांना रोकिटान्स्की-आशॉफ सायनस म्हणतात. बिघडलेल्या पेशी त्या खड्ड्यांत उतरल्या की खोलवर पसरल्यासारख्या दिसतात, पण पसरलेल्या नसतात. इथं घाईनं 'कॅन्सर' लिहिलं तर एका माणसाचं यकृत विनाकारण कापलं जातं.

कारण रिपोर्टवर पुढचं सगळं ठरतं. रोग अस्तरापुरता असेल, पित्तनलिकेची कड स्वच्छ असेल, तर झालेलं ऑपरेशन पुरेसं आहे. स्नायूपर्यंत पोचला असेल तर रुग्णाला पुन्हा टेबलावर घेऊन यकृताची लगतची फाक आणि लसिकाग्रंथी काढाव्या लागतात. या दोन वाक्यांमधलं अंतर भिंतीत एक-दोन मिलिमीटर असतं.

आणि जिच्यात कॅन्सर सुरू झालाच नव्हता अशी आयसीपीएन निघाली तर? रुग्ण विचारतो, मग सुटलो ना? बऱ्याच अंशी हो. पण आद्साय यांच्या मालिकेत अशा रुग्णांपैकी काही जण पुढं तीन वर्षांहून अधिक काळानं पित्तनलिकांच्याच आजारानं गेले. पित्ताशय काढलं, पण तेच अस्तर पित्तनलिकांतही आहे, आणि ज्या कारणानं एक जागा बिघडली ते बाकीच्या नळ्यांतूनही वाहत असू शकतं. म्हणून अशा रुग्णाला मी सांगते की रिपोर्टची मूळ प्रत जपून ठेवा, काचपट्ट्या आणि पॅरफिनचे ब्लॉक कुठल्या प्रयोगशाळेत आहेत ते लिहून ठेवा, आणि काही वर्षांनी डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर कावीळ उतरवायला गावठी औषध घेण्याआधी तो कागद घेऊन डॉक्टरकडे जा.